चौथ्या कोपऱ्यातलं टेबल

आमच्या शाळेत लॅपटॉप आले ते हिंजवडीहून. सकाळी निघालेला टेम्पो शाळा सुटायच्या सुमारास पोचला, आणि तोही शाळेत नाही, बुधवार पेठेच्या तोंडाशी. आमच्या गल्लीत टेम्पो शिरत नाही. शिरलाच तर बाहेर कसा काढायचा यावर सगळी गल्ली मतं देते आणि टेम्पो तिथेच राहतो. म्हणून सातवीच्या मुलांनी एकेक लॅपटॉप छातीशी धरून ओळीने शाळेत आणला. पुढे मी, मागे शिपाईमामा. पुस्तकांच्या दुकानातले एक ओळखीचे गृहस्थ पायरीवर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय बाई, जप्ती का?"

"नाही, देणगी," मी म्हटलं.

"बरं. कळेलच," ते म्हणाले आणि आत गेले.

मी सातवीला मराठी आणि इतिहास-भूगोल शिकवते. तोवर माझी सगळी नोकरी फळा, खडू आणि माझा आवाज एवढ्यावर चालली होती. आवाज असा आहे की शेजारच्या वर्गातली मुलंही माझा इतिहास ऐकून पास झालेली आहेत. तिथले सर गणित शिकवतात. त्यांनी एकदा मला नम्रपणे विचारलं होतं, की आपलं स्वराज्य थोडं हळू स्थापन करता येईल का.

आमच्या मुख्याध्यापिका माझ्याच विद्यार्थिनी. शाळेत असताना त्या खो-खोच्या संघाच्या कप्तान होत्या आणि दुसऱ्या तासालाच बाकाखाली डबा उघडून बसायच्या. आता चारचौघांत मी त्यांना मॅडम म्हणते आणि अहो-जाहो करते. त्यांच्या खोलीचं दार लोटलं की अगं म्हणते. त्या मात्र दार उघडं असो की बंद, मला 'बाई, आपण' असंच म्हणतात. त्यांनी 'बाई, आपण' म्हटलं की मी सावध होते, कारण त्यापुढे काहीतरी काम असतं.

"बाई, आपण सातवीचा वर्ग द्याल ना या प्रयोगाला?"

प्रयोग समजवायला कंपनीतून एक तरुण आला होता. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र आणि ओळखपत्रावर त्याचा हसरा फोटो. प्रत्यक्षात तो हसत नव्हता, कारण तीन तास ट्रॅफिकमध्ये बसून आला होता.

"मॅम, बेसिकली क्लास स्टॅटिक ठेवायचा नाही," तो म्हणाला. "चार लर्निंग सेंटर्स करायची. स्टुडंट्सचे चार ग्रुप. थोड्या थोड्या वेळाने ते रोटेट होतील. एक सेंटर लॅपटॉपचं, एक रीडिंगचं, एक ॲक्टिव्हिटीचं."

"ही तीन झाली. चौथं?"

"चौथं तुम्ही, मॅम."

इतकी वर्षं मी स्वतःला अख्खा वर्ग समजत होते. त्या दिवशी कळलं की मी एक चतुर्थांश आहे.

सेंटर वगैरे आमच्या तोंडात बसेना, म्हणून आम्ही कोपरे म्हणायला लागलो. दाराजवळ वाचनाचा कोपरा. तिथून पुढे गेलं की वर्गाच्या मागच्या अंगाला, विजेची बटणं होती तिथे, लॅपटॉपचा. मग खिडकीखाली माझा. आणि फळ्याजवळ 'करून बघा'चा, जिथे कागद, माती, डिंक आणि भांडणं असत. माझ्या कोपऱ्यासाठी प्रयोगशाळेतलं एक बाद झालेलं टेबल मिळालं. त्यावर कुठल्याशा आम्लाने पडलेले डाग होते आणि एक पाय तोकडा होता. पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. माझी खुर्ची एका बाजूला आणि मुलांची स्टुलं टेबलाभोवती.

पहिल्या दिवशी लॅपटॉपच्या कोपऱ्यात लग्नाच्या पंगतीसारखी अवस्था झाली. बसलेल्यांच्या पाठीशी पुढची पंगत उभी. तीही अगदी खेटून, 'तुझं झालं का, झालं का' करत. बसलेले उठायला तयार नाहीत आणि उभे असलेले आपल्या कोपऱ्यात जायला तयार नाहीत. वाचनाच्या कोपऱ्यात एकच मुलगा उरला होता. त्याला झोप लागली होती.

मग ठरलं की वेळ संपली की घंटा द्यायची. शिपाईमामांनी पितळी घंटेवर असा काही टोल दिला की पाचवीतल्या मुलांनी दप्तरं भरली आणि गणिताचे सर चहाला निघून गेले. त्यानंतरच्या घंटेला पाचवीची मुलं फाटकापर्यंत पोचली. मामा म्हणाले, "बाई, घंटा ही अख्ख्या शाळेची असते. तुमच्या एका कोपऱ्याची नसते." त्यांचं बरोबर होतं, पण ते मला सुनावल्यासारखं बोलले याचा मला दिवसभर राग होता.

मग मी माझ्या मोबाइलवर गजर लावला. आमच्या ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळीसाठी त्या फोनवर आरतीची धून ठेवलेली होती, ती बदलायची राहून गेली. गजर झाला. चाळीस-बेचाळीस मुलं एकदम उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. धून पूर्ण होईपर्यंत कुणी हललं नाही. मीही हलले नाही, कारण मधेच आरती बंद करायचा धीर मला झाला नाही. शेवटी एकाने प्रसाद आहे का असं विचारलं.

एव्हाना मी ठरवलं होतं की हे लॅपटॉप जसे ओळीने आले तसेच ओळीने परत पाठवावेत. ते पाठवले नाहीत, याचं कारण माझं टेबल.

वर्गात समोर उभं राहून मी मुलांकडे बघते तेव्हा मला एक वर्ग दिसतो. त्या टेबलाशी दहा-अकरा मुलं माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली, तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची नखं दिसली, शर्टाची तुटलेली बटणं दिसली आणि कोण ओठ हलवत वाचतं तेही दिसलं. आवाज चढवायची गरजच नव्हती. गणिताच्या सरांनी मला ताप आलाय का म्हणून चौकशी केली.

त्या टेबलाशी एक मुलगी बसायची. जूनमध्ये यवतमाळकडून आली होती. वडील हिंजवडीला जाणारी कंपनीची बस चालवायचे आणि शाळेमागेच भाड्याच्या खोलीत राहायचे. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात काहीतरी सांगत होते, तर ती उठून म्हणाली, "काहून, बाई?" प्रश्न चांगला होता. पण वर्ग हसला. आमच्या पेठेतली मुलं, त्यांना वाटतं मराठी भाषा लक्ष्मी रोडवर तयार होते आणि उरलेली इथून बाहेर जाते. पुढे आठवडाभर जिन्यात, नळापाशी, जिथे तिथे 'काहून, काहून' चाललं होतं. मी चार जणांना बाकावर उभं केलं. तेही उभ्याउभ्या हसत होते. त्यानंतर ती मुलगी वर्गात बोललीच नाही. हजेरीलासुद्धा 'हजर' म्हणायच्याऐवजी हात वर करायची.

टेबलाचा मी एकच नियम केला होता. इथे कुणी कुणाला हसायचं नाही. ज्याला हसू आवरणार नाही त्याने पाणी पिऊन यायचं. पहिल्या दोन फेऱ्यांत मुलांनी खूप पाणी प्यायलं.

तिसऱ्या का चौथ्या फेरीला त्या मुलीची वाचायची पाळी आली. मी तिला सोडून पुढे जाणार होते, तर तिने पुस्तक ओढून घेतलं आणि वाचलं. आवाज बारीक होता, पण प्रत्येक वाक्याचा अर्थ लावून वाचत होती. परिच्छेद संपवून तिने मान वर केली आणि सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून बघितलं. कुणी हसलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी तिला आणखी एक परिच्छेद वाचायला लावला. तो पाठाबाहेरचा होता.

पुढे ती बोलायला लागली. फक्त त्या टेबलाशी. तिथून उठून 'करून बघा'ला गेली की पुन्हा मिटायची. पण टेबलाशी ती मला तिच्या गावचं तळं, शाळेचं मैदान, मामाच्या म्हशी असं सगळं सांगायची, आणि कोपरे बदलायची आमची रोजची मारामारी बघून एक दिवस म्हणाली, "बाई, असं नाही होत. खो द्या लागते. खो देल्याशिवाय पोट्टे उठत नसतात."

एक मुलगा पाणी प्यायला पळाला. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या शाळेत गणित कच्चं असलेली मुलं सापडतील, खो-खो कच्चा असलेलं एकही सापडणार नाही. ट्रॉफ्या ठेवायला जागा नाही म्हणून आम्ही त्यात खडू ठेवतो.

दुसऱ्या दिवसापासून खो सुरू झाला. वेळ झाली की मी हात वर करायची. वाचनाच्या कोपऱ्यातली मुलं उठायची, लॅपटॉपवाल्यांच्या पाठीमागे जायची, आपापल्या ठरलेल्या गड्याच्या पाठीवर हात ठेवून हळूच 'खो' म्हणायची आणि तो उठला की त्याच्या जागी बसायची. उठलेला माझ्या टेबलाशी येऊन पुढच्याला खो द्यायचा, तो पुढे 'करून बघा'ला, आणि तिथली मुलं वाचनाच्या रिकाम्या जागांवर. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, आणि खो मिळाला की बसून राहायचं नाही. जे मूल 'अजून पाच मिनिटं' म्हणून माझ्याशी हुज्जत घालायचं, ते पाठीवर हात पडताच उठायचं. चहाचा कप संपायच्या आत अख्खा वर्ग फिरायचा.

नियम मुलांनीच पाळायला घेतले आणि अतिच पाळले. एकदा निघालं की दिशा बदलायची नाही, म्हणून पेन्सिल विसरलेली मुलगी मागे न वळता चारही कोपऱ्यांना वळसा घालून पेन्सिल आणायची. संघातला एक गुटगुटीत मुलगा स्वतःहून पंच झाला. मी एकदा खुर्चीतून अर्धवट उठून मागे बघितलं, तर तो म्हणाला, "बाई, फाउल." मी बसले.

सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणजे आता काहीतरी होणार होतं. मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं.

"बाई, आपण एक धडा व्हिडिओवर द्याल ना?"

शनिवारी दुपारी रिकाम्या वर्गात माझं शूटिंग झालं. त्यांनी स्वतः मोबाइल धरला. मी रिकाम्या बाकांकडे बघून नद्या शिकवल्या. बरं चाललं होतं, पण सवय ती सवय. मधेच मी खडूचं बोट करून म्हटलं, "मागचे, बोलू नका." मागे एक पाल होती. थोड्या वेळाने पुन्हा एकदा म्हटलं. ते कापून टाका असं मी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या बाई, नैसर्गिक वाटतं."

मुलांना तो व्हिडिओ फार आवडला, विशेषतः मला थांबवता येतं हे. त्यांनी मला बरोब्बर 'गोदावरी'च्या 'गो'वर थांबवलं, त्या चित्राचा फोटो केला आणि सगळ्या लॅपटॉपवर लावला. तेव्हापासून सगळ्या पडद्यांवर माझं उघडं तोंड होतं. आतली चांदी भरलेली दाढ स्पष्ट दिसत होती. पण एक सांगायला हवं. व्हिडिओतली मी 'मागचे, बोलू नका' म्हटलं की लॅपटॉपच्या कोपऱ्यात मागे बसलेली मुलं खरोखर गप्प व्हायची. प्रत्यक्ष माझं इतकं कुणी ऐकत नाही.

व्हिडिओ कंपनीच्या लोकांनाही आवडला, आणि तिथेच घोळ झाला. मला पुन्हा बोलावणं आलं. मी आत जाऊन दार लोटलं.

"बाई, कंपनीचे मोठे साहेब वर्ग बघायला येणार आहेत," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "त्यांच्या लोकांचं म्हणणं आहे की चौथा कोपराही डिजिटल करावा. आपले व्हिडिओ तिथे लावायचे. साहेबांना पटलं तर आठवीलाही लॅपटॉप मिळतील."

"आणि माझं टेबल?"

"टेबल अडगळीत ठेवू. आपण वर्गात असालच की, बाई. फिरून देखरेख करायची."

"अगं, देखरेख पंखाही करतो. वरून."

त्या हसल्या, पण पटकन गंभीर झाल्या. त्यांचंही खोटं नव्हतं. आठवीच्या मुलांनी रोज मला जिन्यात अडवून आमचे लॅपटॉप कधी म्हणून विचारायला सुरुवात केली होती. मी त्यांना यवतमाळच्या मुलीबद्दल सांगितलं. ती फक्त त्या टेबलाशी बोलते, टेबल गेलं की तिचं बोलणं गेलं.

"ती उत्तरं रेकॉर्ड करून पाठवेल ना. तशी सोय आहे त्यात."

"ती व्हिडिओला काय उत्तर देईल? व्हिडिओ तिला सांगतो, बोलू नका."

यावर त्यांनी टेबलावरचा पेपरवेट गर्रकन फिरवला. मग म्हणाल्या, "साहेब काय म्हणतात ते बघू, बाई."

मी बाहेर आले तेव्हा मला रडू येत होतं, आणि या वयात एका बाद टेबलासाठी रडू यावं याचा रागही येत होता. घरी गेल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझा व्हिडिओ मला पाठव. पाहिजे तेव्हा थांबवता येतो म्हणतेस ना?" रात्रीच्या भाजीत मी मीठ घातलं नाही.

शाळेत अशी गोष्ट लपत नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने मला टेबलाशी विचारलं, "बाई, टेबल काहून काढता?"

"अजून काही ठरलेलं नाही," मी म्हटलं.

तिने आम्लाच्या डागावरून बोट फिरवलं आणि त्या दिवशी वाचायची पाळी आली तेव्हा शेजारणीकडे पुस्तक सरकवलं. टेबल जायच्या आधीच तिने सराव सुरू केला होता.

साहेब यायचा दिवस गुरुवार ठरत होता. पुण्यात गुरुवारी वीज असेल असं समजणारा माणूस हिंजवडीतच राहत असणार, असं मी म्हटलं, आणि मग बुधवार ठरला. वर्ग झाडून पुसून घेतला. माझं उघडं तोंड पडद्यांवरून काढलं. मुख्याध्यापिकांच्या खोलीतली नक्षीच्या हातांची खुर्ची साहेबांसाठी आणून लॅपटॉपच्या कोपऱ्यात, अगदी मागच्या भिंतीला टेकून ठेवली आणि तिच्यापुढे एका लॅपटॉपवर माझा व्हिडिओ लावून ठेवला. संपला की तो आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. शेजारी पेल्यात गुलाब होता.

साहेब पिकल्या केसांचे, टाय लावलेले, सौम्य गृहस्थ निघाले. त्यांच्याबरोबर तो पट्टेवाला तरुण होता, आजही न हसणारा. साहेब त्या नक्षीच्या खुर्चीकडे गेलेच नाहीत. ते यवतमाळच्या मुलीच्या मागे उभे राहून तिच्या लॅपटॉपमध्ये डोकावले. ती त्या वेळी लॅपटॉपच्या कोपऱ्यात होती. ती उठून बाजूला झाली आणि हाताने स्टूल दाखवलं. साहेब बसले, आणि तिथून मान वळवून मुख्याध्यापिकांशी इंग्रजीत बोलायला लागले. त्यात 'स्केल' आणि 'इम्पॅक्ट' हे शब्द मला वरचेवर ऐकू आले. माझ्या टेबलाकडे बोट करून मुख्याध्यापिकांनी काहीतरी सांगितलं. साहेबांनी मान डोलावली. 

वेळ झाली होती. मी हात वर केला.

वाचनाच्या कोपऱ्यातली मुलं उठली. आमचे गुटगुटीत पंच आपल्या ठरलेल्या स्टुलामागे जाऊन उभे राहिले, आणि त्या स्टुलावर साहेब होते. मुख्याध्यापिकांनी डोळे मोठे करून त्याला नको नको अशी खूण केली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. त्याने साहेबांच्या पाठीवर पंजा ठेवला.

"खो."

साहेब वाक्याच्या मधे होते. ते वाक्य तिथेच राहिलं आणि साहेब उठले. नुसते उठले नाहीत, डावा पाय पुढे टाकून निघाले. दोन पावलं गेल्यावर आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते जागीच थांबले आणि टाय चाचपला. मागे त्यांचं स्टूल पंचांनी बळकावलं होतं. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. मागे वळलं तर फाउल आहे हे त्यांना ठाऊक होतं. हे एकदा शिकलेला माणूस विसरत नाही. ते तसेच पुढे माझ्या टेबलाशी आले, आपल्या समोर पडणाऱ्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि खालच्या आवाजात "खो" म्हणाले. मुलगा उठला. साहेब त्याच्या स्टुलावर बसले. गुडघे छातीला लागले, पण बसले.

एकामागून एक बाकीची मुलं आली, खो देऊन बसली. सगळ्यात शेवटी ती मुलगी आली. तिच्या हक्काच्या जागेवर साहेब होते. टेबलाभोवतीची सगळी स्टुलं भरली होती. खो-खोत उभ्या गड्याने नुसतं उभं राहायचं नसतं, कुणाला तरी खो द्यायचा असतो. तिने एकेकाकडे बघितलं. सगळे नुकतेच येऊन बसलेले. त्या टेबलाशी ज्याला आजवर एकदाही खो मिळाला नव्हता, असं एकच माणूस होतं.

ती माझ्या मागे आली. माझ्या पाठीवर छोटासा, गार हात पडला.

"बाई, खो."

मी मुख्याध्यापिकांकडे बघितलं. त्या कपाळाला हात लावणार असं मला वाटलं. पण जुन्या कप्तान त्या. त्यांनी बाजूला सरून मला वाट करून दिली. मी उठले. गुडघ्यांचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दिशा बदलायची नाही म्हणून 'करून बघा'च्या डिंकातून आणि वाचनाच्या सतरंजीवरून वळसा घालून मी लॅपटॉपच्या कोपऱ्याशी आले. तिथेही सगळं भरलेलं होतं. रिकामी होती ती फक्त मागच्या भिंतीजवळची नक्षीची खुर्ची. मी तिच्यात बसले. समोर गुलाब होता आणि पडद्यावर मी गोदावरीपर्यंत पोचले होते.

तिकडे माझ्या खुर्चीत ती बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. मला वाटलं, आता ही मिटणार. इतक्या पाहुण्यांसमोर, मोठ्या खुर्चीत, मी शेजारी नसताना. मग तिने माझं पुस्तक उघडलं आणि साहेबांपुढे सरकवलं.

"आता तुम्ही वाचा, साहेब," ती म्हणाली. आवाज माझ्यापर्यंत आला, म्हणजे अख्ख्या वर्गात गेला. "सावकाश वाचा. इथं कोणी हासत नाही."

साहेबांनी खिशातून चष्मा काढला आणि वाचायला लागले. मराठी वाचून बरीच वर्षं झाली असावीत. एका लांबलचक जोडाक्षराशी ते अडले, मागे आले, पुन्हा अडले. टेबलाशी कुणी पाणी प्यायला उठलं नाही. ती पुस्तकाकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत थांबली होती, अगदी जसं थांबायला हवं तसं. तो शब्द त्यांना जमला. त्यांनी चष्म्यावरून वर बघितलं, तिच्याकडे, मग टेबलाकडे, मग मान वळवून मुख्याध्यापिकांकडे.

"मॅडम," ते मराठीत म्हणाले, "आठवीचे लॅपटॉप पाठवतो. हे टेबल मात्र इथून हलवू नका."

"साहेब," ती म्हणाली, "मधात नाही बोलाचं. तुमची लाईन राहिली."

साहेब निमूटपणे उरलेली ओळ वाचायला लागले. माझे डोळे भरून आले होते आणि तोंड उघडलं होतं. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं, निदान शाबास तरी. तेवढ्यात समोरच्या पडद्यावरून मीच खडूचं बोट माझ्यावर रोखलं आणि म्हटलं, "मागचे, बोलू नका."

मी गप्प बसले.